तिसरा ठोका

१४ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! राहायची खोली वाचनालयाच्याच वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे कामाला उशीर झाला म्हणून गाडीच्या नावाने खडे फोडायची सोय राहिली नाही. खाली बालविभाग. बुटकी कपाटं, बुटक्या खुर्च्या, आणि खिडकीखाली एक लांबलचक गालिचा, त्यावर शाईचे तीन जुने डाग. मला जागा बघताक्षणीच आवडली. ग्रंथपालबाई उंच, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं पण मनाने प्रेमळ असाव्यात. त्यांनी स्वतः चहा करून दिला आणि पहिलं काम सांगितलं: हॅलोविनला, म्हणजे ३१ तारखेला दुपारी चार वाजता, पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जादूचे प्रयोग. भुतं हवीत, पण घरी गेल्यावर कोणी अंथरूण ओलं करता कामा नये!

माझी मोठी लाकडी पेटी दोन माणसांनी कुरकुरत आत आणली. बाईंनी विचारलं, हिचाही प्रयोग आहे का? मी म्हटलं, नाही, सामान ठेवायला आहे. खरंच सामानालाच आहे. दोन वर्षं झाली.

१६ ऑक्टोबर
दिवसभर आखणी. या वयाच्या मुलांना घाबरायला आवडतं, पण दार कुठे आहे ते दिसत असेल तरच. म्हणून दिवे अजिबात मालवायचे नाहीत. कवट्या, रक्त, सुरी काही नाही. भुतं जुन्या चादरींची, आणि प्रत्येकाला काहीतरी अडचण: एकाला शिंक आवरत नाही, एकाला स्वतःचीच भीती वाटते. भोपळ्यातून रुमाल निघतील, रुमालातून वटवाघूळ, आणि वटवाघळाने पायमोजे घातलेले असतील. दाराजवळ एक खुर्ची रिकामी ठेवायची. ज्याला भीती वाटेल त्याने खुशाल तिथे जाऊन बसावं, कोणी हसायचं नाही.

आणि कुठल्याही मुलाला गायब करायचं नाही. हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. बाईंनी ते वाचलं आणि मान डोलावली. माणूस विचारी दिसतो असं त्यांना वाटलं असणार.

त्यांची एक पद्धत मला फार आवडली. कार्यक्रमाआधी मुलं बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात: मला कशाची भीती वाटते. नाव घालायचं नाही.

१९ ऑक्टोबर
चिठ्ठ्या वाचताना हसून हसून पुरेवाट झाली. कोळी. संडासातल्या पाण्याचा आवाज. आजोबा दात काढून ठेवतात तेव्हा. एकाने लिहिलंय की मला कशाचीच भीती वाटत नाही, फक्त हे आईला सांगू नका.

नावं एकतीस नोंदवली आहेत. चिठ्ठ्या बत्तीस निघाल्या. शेवटच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने, गोल गोल अक्षरात एवढंच: मामा ठोका द्यायला विसरतो त्याची.

मनात पाल चुकचुकली. मग स्वतःलाच दटावलं. मामा काय, घरोघरी असतात. कुणाचा तरी मामा दारावर न वाजवता आत येत असेल.

२१ ऑक्टोबर
झोप नीट नाही. लिहून टाकलं तर बरं वाटेल.

बटण माझी भाची. नाक बटणाएवढं म्हणून बटण. सात वर्षांची होती, माझ्या प्रयोगातली मदतनीस. पेटीत मागच्या बाजूला एक खोटी भिंत आहे, तिच्यामागे मूल अंग चोरून बसू शकतं. मी झाकणावर छडीने तीन ठोके द्यायचे. दोन ठोक्यांनंतर पेटी उघडून रिकामी दाखवायची. तिसरा ठोका झाला की तिने आतली कडी सरकवून मागून निसटायचं आणि सभागृहाच्या दारातून पळत यायचं. तोपर्यंत हूं की चूं करायचं नाही. मीच शिकवलं होतं, की चांगला मदतनीस तिसऱ्या ठोक्याशिवाय हलत नाही. ती माझ्याहून शिस्तीची होती.

त्या दिवशी मी तीन ठोके दिले. ती बाहेर आली नाही. तिला आत झोप लागली असणार आणि हवा कमी पडली, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो.

२४ ऑक्टोबर
तालीम. पाच-सहा मुलांना बोलावलं होतं. शिंकणाऱ्या भुतावर सगळी लोळून हसली, फक्त एक दातपडकी मुलगी सोडून. ती प्रयोगाकडे पाठ करून पेटीला टेकून बसली होती आणि मधूनमधून मान हलवत होती, कोणीतरी कानात सांगत असल्यासारखी.

मी विचारलं तर म्हणाली की आतली मुलगी प्रयोग बघू शकत नाही म्हणून मी तिला सगळं सांगतेय. मग तिने झाकणावर बोटांनी दोनदा वाजवलं. आणि हात तसाच वर धरून माझ्याकडे बघत राहिली.

मी ओरडलो. फार मोठ्याने. सहा वर्षांची पोर, तिचे ओठ थरथरायला लागले. ती उठून दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. ती खुर्ची मीच ठेवली होती. बाईंनी पोरीला जवळ घेऊन माझ्याकडे जे बघितलं, त्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेटी रिकामी करून बघितली. रुमाल, चादरी, पत्ते. खोट्या भिंतीमागे काही नाही. कडी मात्र गरम होती.

२७ ऑक्टोबर
ताईचा फोन आला. बटणच्या आईचा. कित्येक महिन्यांनी.

आवाज अगदी हळू. म्हणाली, घरातली सुई-दोऱ्याची पेटी आज देऊन टाकली. त्या प्रयोगाच्या आदल्या रात्री तिने बटणला झग्याचं माप घ्यायला उशिरापर्यंत जागवलं होतं. म्हणून पोरीला पेटीत झोप लागली, असं तिने मनाशी धरलंय. दोन वर्षं तेच उगाळतेय. मग म्हणाली, एकदाच विचारते, परत विचारणार नाही. तू तिन्ही ठोके दिले होतेस ना?

हो म्हणालो. तिन्ही.

ती म्हणाली, मग माझंच चुकलं. आणि फोन ठेवला.

खोटं आहे. वहीतसुद्धा खोटं लिहिलं मी. ठोके दोनच दिले होते. पेटी रिकामी दाखवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष हार घेऊन स्टेजवर चढले. लोकांना वाटलं जादू इथेच संपते. मग भाषण, मग फोटो. ताई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. चाळीस मिनिटं. आणि पाठीमागची हवेची भोकं मीच काळ्या कापडाने बुजवली होती, उजेड दिसतो म्हणून. कडी तिच्या हाताशी होती. ती कधीही बाहेर येऊ शकली असती. मी सांगितलं होतं म्हणून बसून राहिली.

२८ ऑक्टोबर
ताईला फोन लावायला घेतला. चार वेळा. शेवटचा आकडा दाबवत नाही. भ्याड आहे मी, दुसरं काही नाही.

खालून ठोके ऐकू येतात. भर दुपारी, मुलं वाचत बसलेली असताना. दोन. मग काही नाही. वाट बघून बघून कानशिलं दुखतात. बाईंना विचारलं. त्यांना काहीच ऐकू येत नाही.

२९ ऑक्टोबर
डबा रिकामा करून मीच टेबलावर पालथा घातला होता. आज सरळ होता. आत एक चिठ्ठी. तीच गोल अक्षरं.

आईला झोप लागत नाही. मी झोपले नव्हते, तिला सांग ना.

३० ऑक्टोबर
झाकणावर छडीने तिसरा ठोका दिला. दिला! दहा वेळा दिला. काही झालं नाही. उशीर झालाय — दोन वर्षांनी देऊन काय —

दातपडकी आली होती. माझा हात धरून म्हणाली की ती मुलगी रागावलेली नाही. ती म्हणतेय, आता मामाची पाळी.

रागावली असती तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर
साडेतीन. भोपळे मांडले. चादरी टांगल्या. दिवे सगळे चालू. एकतीस खुर्च्या आणि दाराजवळची एक.

पेटी रिकामी केली. खोटी भिंत काढली. गुडघे हनुवटीला लागतात, पण मावतो. फटीतून उजेडाची एक रेघ येते, तेवढ्यात लिहितोय. ती एवढ्यात कशी बसायची — आणि हसत बसायची —

झाकण मी ओढलं नव्हतं.

मुलं आली. गालिच्यावर पावलं. बाई माझ्या नावाने हाका मारतायत. कडी हाताशी आहे. सरकवली की बाहेर. पण तिसऱ्या ठोक्याशिवाय नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

एक.

छोट्या बोटांचा. अगदी डोक्यावर.

दोन.

आता शांत. श्वास पुरत नाही. पान वाचनालयात सापडेल, बाई ताईला देतील. ताई, ती जागी होती. तू तिला जागवलंस म्हणून काही झालं नाही. तुझं काहीच चुकलं नाही. मी दोनच ठोके दिले, ताई, मी टाळ्या ऐकत उभा राहिलो आणि तिसरा