साहेबाच्या गाडीच्या टपावरचं गाऱ्हाणं

रास तनुरा, सौदी अरेबिया
फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचा बाळाराम याचं वाळूतलं लोटांगण (इथे लोटांगणाला दुसरी जमीन नाही).

आपला गुडघा कसा आहे? मामींचा दात काढला की अजून लवंगेवरच भागवणं चाललंय? तांबडी व्याली का? आणि त्या वरच्या वाडीतल्या माणसाने कुंपण आपल्या बाजूला सरकवलं होतं, ते मागे घेतलं की अजून पुढेच येतंय? माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत उत्तम होती. तेव्हापासून मागून कोणी नुसतं "बाळाराम" म्हटलं तरी मी हातातलं काम टाकून आधी खिशातला परवाना चाचपतो. काय घडलं ते आपल्याला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी मीच कळवतो, कारण आपल्याकडे बातमी येते ती तिखटमीठ लावूनच. मी निघालो तेव्हा आपण सर्वांदेखत म्हणाला होतात की हे कार्टं सहा महिन्यांत परत आलं नाही तर मी मिशी उतरवीन. मामा, वर्ष झालं. मिशीबद्दल मी काही विचारत नाही. फक्त एवढंच सांगतो, की त्या दिवशी दुपारी मला विमानात घालून परत पाठवायची वेळ आली होती आणि मला भीती पोलिसांची नव्हती, तुमच्या अंगणात पेटी घेऊन उभं राहण्याची होती.

तर झालं असं. आमच्या अमेरिकन साहेबाला नवीकोरी पांढरी गाडी आली. साहेब वाळवंटात लांबलांब जातो, तिथून कंपनीच्या यार्डाशी बोलता यावं म्हणून गाडीत दोन्हीकडून बोलायचा रेडिओ बसवायचा ठरला आणि त्याचं एरियल टपावर, तेही बरोबर मधोमध. मी वायरमन, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, साहेब, बाजूला बंपरवर बसवू. साहेब म्हणाला, नाही, चारही बाजूंना सारखा पत्रा पाहिजे, तरच आवाज लांब जातो. मामा, अजून जिचा प्लास्टिकचा वासही गेला नाही, सीटवरचा कागद निघाला नाही, अशा गाडीच्या डोक्याला ड्रिल लावायचं! आपल्याकडे नव्या सायकलला आरसा बसवायचा तरी माणूस चार दिवस विचार करतो. मी डोळे मिटले, मनातल्या मनात रवळनाथाचं नाव घेतलं आणि भोक पाडलं. पत्र्याचा चुरा उडाला तो थेट माझ्या काळजात गेल्यासारखं वाटलं. मग वायर आतून ओढून पुढे आणली, रेडिओ जोडला, काठी उभी केली आणि बटण फिरवलं. आतून नुसता खरखर आवाज. दुसऱ्या बाजूला फिरवलं, तरी खरखर. मोहरी तडतडावी तशी ती खरखर काही थांबेना.

साहेब जेवायला गेला होता, तो यायच्या आत रेडिओ बोलता व्हायला हवा होता. मी सगळे सांधे पुन्हा तपासले. सगळं ठीक होतं. तोपर्यंत आमच्या बराकीतले सगळे भोवती जमले. (तुम्हाला ठाऊक आहेच, आपली माणसं चंद्रावर गेली तरी कोणी काही उघडून बसलं की भोवती उभी राहतील आणि पाठीमागे हात बांधतील.) त्यांत केरूदादा होते. केरूदादा म्हणजे आमचे मुकादम, मालवणच्या बाजूचे, वयाने सर्वांत मोठे आणि वजनानेही. त्यांनी टपावरच्या भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाऱ्हाणा घातलंस?" मी म्हटलं, नाही. "नव्या गाडयेच्या टकलार भोक पाडलंस आणि गाऱ्हाणा घालूक नाय? मगे ती बोलतली कशी?"

आता परमुलखात हे असलं चारचौघांत करायची सोय नाही, हे मला ठाऊक आहे. पण नमाजाची वेळ झाली होती, यार्डात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही मनातून तेच वाटत होतं. नारळ नव्हता, म्हणून कॅन्टीनमधलं एक मोसंबं घेतलं. केरूदादांचे गुडघे आपल्यासारखेच (म्हणजे आपल्यापेक्षा वाईट), म्हणून दार उघडं ठेवून ते गाडीच्या सीटवर बसले, आम्ही समोर अर्धगोल करून उभे राहिलो आणि गाऱ्हाणं सुरू झालं. बा देवा रवळनाथा, बारा गावच्या धन्या, तुझी लेकरां हय पोटासाठी इली हत, गाडयेक भोक पाडला ता पोटात घाल. आम्ही ओरडलो, व्हय म्हाराजा! आणि मामा, आपल्याकडे गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की ते एका गोष्टीवर थांबतं का? डाळीत किडे निघतत, त्या कॅन्टीनच्या भंडाऱ्याक बुद्धी दी. व्हय म्हाराजा! चार नंबर बराकीचो कूलर नुसतो आवाज करता, वारो देत नाय. व्हय म्हाराजा! साहेबाचा डोका तापट आसा, ता थंड ठेव. व्हय म्हाराजा! मग एकेकाची वैयक्तिक मागणी ज्याच्या त्याच्या तोंडून निघाली. माझीही निघाली. तिच्यात एक नाव होतं आणि त्या नावावर मंडळी सगळ्यांत मोठ्याने ओरडली, म्हणजे इतक्या मोठ्याने की गाडीची काच हादरली. ती मागणी इथे लिहीत नाही, तिची जागा ही नव्हे.

मोसंबं चाकाखाली ठेवून आम्ही मोकळे झालो तोच दोन जीपा धुरळा उडवत आल्या. एकीतून साहेब उतरला, चेहरा टोमॅटो. दुसरीतून अबू नासर उतरला. हा कंपनीचा सौदी सुरक्षा अधिकारी, ज्याला हसताना कोणी पाहिलेलं नाही. आम्हाला काहीच कळेना. तेवढ्यात केरूदादा उठले आणि त्यांच्या खालून रेडिओचा माइक निघाला. बोलायचं बटण दाबलेलं राहून तिथे वाटीएवढा खळगा पडला होता (माइकला नव्हे, केरूदादांना). मामा, रेडिओ पहिल्यापासून ठणठणीत होता. नमाजाच्या वेळी पलीकडे बोलणारं कोणी नव्हतं म्हणून नुसती खरखर येत होती! नमाज संपवून माणसं आपापल्या गाड्यांत येऊन बसली आणि यार्डापासून बंदरापर्यंत कंपनीच्या प्रत्येक गाडीत केरूदादांचं गाऱ्हाणं आणि आमचा व्हय म्हाराजा सुरू झाला. मी मोसंबं पायाने हळूच चाकामागे सरकवलं.

आणि त्या लोकांना काय वाटलं असेल, हे तुम्हीच सांगा. एकजण तावातावाने बोलतो, बाकीचे एका सुरात ओरडतात, तेही साहेबाच्या गाडीभोवती. साहेबाला वाटलं संप. इथे संप हा शब्द संपूर्ण उच्चारायच्या आत माणूस विमानतळावर असतो. अबू नासरने सर्वांचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, गोळा केले. माझा घेताना तो जरा जास्तच वेळ बघत होता, कारण ते नाव निघालं तेव्हाचा आवाज माझा, हे त्याने ओळखलं होतं. त्या नावाचा माणूस हाच आमचा पुढारी, अशी त्याची खात्री झाली होती. मामा, त्या क्षणी मला तुमचं अंगण दिसलं, ओटीवर बसलेले तुम्ही दिसलात आणि तुमची मिशी तर फारच स्पष्ट दिसली.

दुभाषा म्हणून हापिसातून हारूनभाईंना बोलावलं. हारूनभाई राजापूरचे, टाइमकीपर, इंग्रजी आणि अरबी दोन्ही फाडफाड बोलणारे. त्यांनीही गाऱ्हाणं रेडिओवर ऐकलं होतं. संप म्हणावं तर आम्ही गेलो आणि पूजा म्हणावं तरी गेलो. हारूनभाईंनी दोघांनाही कळेल अशा शब्दांत सांगितलं. "साहेब, आमच्या कोकणात नवं काम हाती घेतलं की सगळ्यांत वडील माणूस भल्याची इच्छा बोलून दाखवतो आणि बाकीचे आमीन म्हणतात. हे तेवढंच आमीन होतं." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबाने संशयाने विचारलं, माझ्यासाठी काय मागितलं? हारूनभाई म्हणाले, शांत डोकं. मग साहेबाने आणखी काय काय मागितलं ते विचारलं आणि डाळीचं नि कूलरचं सविस्तर ऐकून घेतलं.

अबू नासर मात्र सोडेना. त्याने मला बाजूला घेतलं आणि त्या पुढाऱ्याचं नाव, गाव, धंदा विचारला. हारूनभाईंना मध्ये घालून मी खरं ते सांगितलं. ऐकून त्याने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं आणि त्याचे खांदे हलू लागले. इकामे परत मिळाले. नोकरी शाबूत आहे, कूलर नवा आला, डाळ जुनीच आहे.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
बाळाराम

ता. क. तो पुढारी म्हणजे आपली सरिता. गाऱ्हाण्यात मी असं मागितलं होतं, की माझ्या मामाच्या मनात यावं आणि त्याने आपली मुलगी मला द्यावी. निघताना मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, मला विचारून काय उपयोग, बाबांना विचार. तुम्हाला विचारायची छाती झाली नाही. आता बंदरापर्यंतच्या सगळ्या ड्रायव्हरांना, साहेबाला आणि अबू नासरला विचारून झालं आहे, फक्त तुम्ही राहिला आहात. अबू नासर रोज फाटकावर गाडी थांबवून विचारतो, मामा काय म्हणाला? मामा, मी तिला सुखात ठेवीन.

ता. क. २. हे पत्र सुटीवर येणारे हारूनभाई वाट वाकडी करून स्वतः आणून देतील. होकार असेल तर त्यांच्याच हाती द्या, यार्डात सगळे वाट बघताहेत. नकार असेल तर त्यांना काही बोलू नका, पोस्टाने कळवा. पोस्टाला इथे यायला महिना लागतो. तेवढा एक महिना तरी माझा बरा जाईल.