दुसऱ्याच्या घरी पोहोचवणारं घड्याळ

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच मानून घे. सध्या पोटऱ्या अशा धरल्यात की खाली वाकलो तर उठवायला माणूस लागेल.) तुझा खोकला गेला का? भाऊजींच्या कमरेचा पट्टा सुटला, की अजून तो बांधूनच घरभर हुकूम सोडत असतात? माझं चष्म्यांचं दुकान ठीक चाललंय. लोकांचे नंबर वाढवायचं काम मोबाइल करतात, मी नुसता गल्ल्यावर बसतो. पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण कारण ऐकून मग रागाव.

झालं असं, की दुकानासमोरच्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं, कागद दोनदा वाचला (चष्मा माझ्याच दुकानातला, म्हणजे वाचण्यात चूक असणार नाही) आणि रोज चालायला सांगितलं. आता नुसतं उठून चालायला लागेन तर तो मी कसला? बुलबुलतरंग वाजवायला शिकायचं ठरवलं तेव्हा मी आधी त्याची गवसणी शिवून घेतली होती, हे तुला ठाऊकच आहे. तर चालण्यासाठी मी घड्याळ घ्यायचं ठरवलं. साधं नाही, ते जीपीएसवालं. आपण कुठून कुठे गेलो हे उपग्रहाला विचारून मनगटावर सांगणारं. नव्याची किंमत ऐकून मी काउंटरला धरलं, तेव्हा दुकानदाराने खालच्या खणातून एक काढून दिलं. म्हणाला, हे रिफर्बिश्ड आहे. म्हणजे कोणीतरी वापरून सोडलेलं, मग दुरुस्त करून, झाडूनपुसून पुन्हा उभं केलेलं. थोडक्यात बिजवर. निम्म्या किमतीत होतं आणि आतलं सगळं कोरं केलंय असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता. मी घेतलं.

पहिल्याच सकाळी मी बेकरीपर्यंत जाऊन आलो. घड्याळावर अक्षरं उमटली: ‘तुमचा वेग नेहमीपेक्षा फारच कमी आहे. प्रकृती बरी आहे ना?’ मला भरून आलं गं. एवढी चौकशी या घरात बऱ्याच वर्षांत कोणी केली नव्हती. नेहमीपेक्षा म्हणजे कधीपेक्षा, हा प्रश्न मला सुचला नाही. पुढच्या आठवड्यात मात्र त्याने सौजन्य सोडलं. एकदा म्हणालं, व्यायाम निष्फळ. एकदा म्हणालं, तुमचं शरीर झपाट्याने वयस्क होत आहे. (हे मला गिऱ्हाईक म्हणून आलेल्या मुलीसमोर वाचावं लागलं. तिने न विचारता मला खुर्ची दिली.) त्याला दाखवून द्यायचं म्हणून मी एका सकाळी कालव्याच्या काठाने निघालो आणि पलीकडच्या नव्या वसाहतीत शिरलो. तिथली घरं एकाच साच्यातून काढलेली, गल्ल्याही तशाच. एकाच निळ्या फाटकावरून मी इतक्यांदा गेलो की आतला माणूस मला हात करायला लागला. मोबाइल दुकानात राहिला होता. तेव्हा मला घड्याळातली एक सोय आठवली: ‘घरी परत’. दाबलं. लगेच बाण आला. मी निर्धास्तपणे त्याच्यामागून चालू लागलो. बाण डावीकडे म्हणाला की मी डावीकडे. रस्ता ओळखीचा वाटेना, पण उपग्रह वरून बघतोय म्हटल्यावर आपण कशाला बोलायचं? शेवटी एका बैठ्या घराच्या फाटकाशी घड्याळ आनंदाने थरथरलं, त्याने दोन लांब शिट्ट्या मारल्या आणि म्हणालं, घरी पोहोचलात.

माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. हे घर बैठं होतं. मी विचार करत उभा असतानाच आतून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला आणि एक तांबूस कुत्रा, तोंडात स्वतःचाच पट्टा धरून, फाटकावरून उडी मारून बाहेर आला. मी डोळे मिटले. (तुला माहीत आहे, मी शेळीलाही रस्ता देतो.) डोळे उघडले तेव्हा पट्टा माझ्या हातात होता आणि आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत पोहोचलो होतो. घड्याळाने माझा वेग प्रथमच समाधानकारक ठरवला. मागून आवाज आला, “अहो, माझं घड्याळ घालून माझ्या कुत्र्याला कुठे घेऊन चाललात?”

दारात काठी टेकून एक बाई उभ्या होत्या. मी म्हणालो, “मी नाही, तो मला घेऊन चाललाय.” बाईंनी कुत्र्याला एका शब्दात थांबवलं (मलाही) आणि सगळा उलगडा झाला. त्या भूगोलाच्या बाई, नुकत्याच निवृत्त झालेल्या. जन्मभर पळाल्या. मग गुडघ्याने दगा दिला, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चाला म्हटलं. पण जी बाई पळायची तिने आता काठी टेकत शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं, हे त्यांना जमेना. घड्याळ रोज सकाळी उठून ‘आज पळायचं ना?’ विचारायचं, म्हणून त्यांनी ते रागाने विकून टाकलं. तेव्हापासून कुत्रा, ज्याला त्या मुकादम म्हणतात, जेवणाच्या टेबलाखाली तोंड फिरवून पडलेला होता. त्या दोन शिट्ट्या ऐकून तो आज उठला.

“आणि तुम्ही उपग्रह मनगटावर बांधूनसुद्धा आपल्याच गावात हरवलात,” बाई म्हणाल्या. भूगोलाच्या बाईंनी असं म्हणावं म्हणजे फारच झालं. मानहानी टाळायला मी छाती पुढे काढून सांगितलं, की मी तळ्याभोवतीच्या शर्यतीची तयारी करतोय, म्हणून नवे रस्ते धुंडाळत होतो. अशी काही शर्यत असते हे मी फक्त चौकातल्या फलकावर वाचलं होतं. बाईंचे डोळे, ताई, असे लकाकले की मी नवीन काच बसवल्यावरही कोणाचे लकाकलेले पाहिले नाहीत. ही शर्यत त्या दरवर्षी पळायच्या. “उद्या सकाळी या,” त्या म्हणाल्या, “तुमची टाच चुकीची पडते.”

मग काय सांगू? बाई फाटकाजवळ खुर्ची टाकून, गळ्यात शाळेतली शिट्टी अडकवून बसायच्या आणि मुकादम मला गल्लीभर ओढायचा. खांदे सैल सोडा. तोंड मिटा. खाली काय बघताय, पडलंय का काही? घड्याळाचे शेरे आणि बाईंचे शेरे यांत फरक एवढाच, की बाई नंतर चहा द्यायच्या. चहाबरोबर त्या पूर्वीच्या शर्यती सांगायच्या, आणि सांगता सांगता गुडघ्यावरून हात फिरवायच्या. मी कितीदा म्हटलं, चला की, निदान कोपऱ्यापर्यंत. त्या म्हणायच्या, आधी तुमची टाच सुधारा.

शर्यतीच्या दिवशी बाई शेवटच्या वळणावर पिंपळाखाली येऊन बसल्या. सुरुवातीला माझ्यामागे बरेच लोक होते. मग ते पुढे गेले. मग एक आजोबा नातीला खांद्यावर घेऊन पुढे गेले. शेवटच्या वळणाशी पोहोचलो तेव्हा रस्त्यात मी आणि मुकादम उरलो होतो आणि पाठीमागून झाडूवाली गाडी. समोर शेवटची कमान दिसत होती. तिथेच माझ्या पोटऱ्यांनी राजीनामा दिला आणि मी फुटपाथच्या कडेला बसलो. मुकादमही बसला. बाईंनी शिट्टी वाजवली. आम्ही हललो नाही. पुन्हा वाजवली. मग त्या उठल्या आणि तरातरा आमच्याकडे आल्या.

“इथे बसायला आलात का? उठा.” मी म्हणालो, होत नाही. “होत नाही काय? एवढं मी शिकवलं ते बसायला?” असं बोलत त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि चालायला लावलं. सगळ्या वाटेने मला झाडत होत्या: टाच, खांदे, तोंड, सकाळी खाल्लेली केळी. कमानीखालची फीत मुलं गुंडाळत होती, ती त्यांनी आम्हाला बघून पुन्हा ताणून धरली. आम्ही तिघांनी मिळून ती तोडली. लोक टाळ्या वाजवू लागले तेव्हा बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी मागे वळून पिंपळाकडे पाहिलं. काठी तिथेच बुंध्याला टेकलेली होती. “मी चालत आले,” त्या हळूच म्हणाल्या. मग इतक्या हसल्या की त्यांना धरायला मला दुसरा हात लागला. आता आम्ही रोज सकाळी चालतो, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. निळ्या फाटकातला माणूस आता बाईंनाही हात करतो.

भाऊजींना नमस्कार. कमरेची काळजी घ्यायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. घड्याळाची गोष्ट भाऊजींना वाचून दाखवू नकोस. ते लगेच घ्यायला निघतील आणि पट्ट्यावर पट्टा चढवतील.

ता. क. दुसरा. माझ्या लग्नाचा नाद तू सोडलास त्याला बरीच वर्षं झाली. तो पुन्हा धरावा लागेल. काल मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे मोठं कोण आहे? त्यांना येऊ दे, मग बोलू.” तर मोठी तूच आहेस. येत्या रविवारी ये.

ता. क. तिसरा. शक्य तर रविवारच्या आधीच ये. मला सगळा स्वयंपाक येतो असं मी बाईंना सांगून बसलोय आणि रविवारी त्या जेवायला येणार आहेत. मला निदान भात शिकव.