उंबऱ्याच्या आत मराठी

आई, तुला नातू झालाय. तू गेलीस तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, त्यामुळे हे तुला माझ्याशिवाय कोण सांगणार? आम्ही देवासला असतो, तुझे जावई इथल्या कारखान्यात आहेत. पोरगा आता चौथ्या वर्षात आहे आणि झोपेत भुवया उडवतो त्या अगदी तुझ्यासारख्या. इतकं लिहून थांबावंसं वाटतं. तो बोलत नाही, आई. हाक मारली तर वळत नाही. मला ओळखतो की नाही, हेसुद्धा मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पहिल्या संक्रांतीला त्याचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं रीतसर. डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले, गल्लीतली पोरं वेचायला तुटून पडली, बायका टाळ्या वाजवून त्याला हाका मारतायत, आणि हा माझ्या मांडीवर बसून आपलीच बोटं डोळ्यांसमोर हलवतोय. एकदाही मान वर नाही. "किती शांत बाळ गं!" सगळ्या म्हणाल्या आणि मी, मूर्ख, फुलून गेले. दूध पितानाही तो माझ्याकडे बघत नसे. पुढे कधी बोट दाखवून काही मागितलं नाही, कुणाला टाटा केलं नाही. आजीवर गेलाय, शांत आहे, असं मी सांगत सुटले. तू शांत कधी होतीस म्हणा!

दोन वर्षांचा झाला तरी तोंडातून शब्द नाही. सासूबाई म्हणाल्या, "मुलगे उशिराच बोलतात." शेजारच्या भाभी म्हणाल्या, "घर में मराठी, गली में मालवी, टीवी पे हिंदी. बच्चा कन्फ्यूज हो रिया है, एक ही बोली रखो." ते सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. माहेरी, धारच्या स्वयंपाकघरात मी हिंदीत काही मागितलं की तू ऐकूच आलं नाही असं दाखवायचीस आणि म्हणायचीस, "उंबऱ्याच्या आत मराठी." तुझा तो नियम मी मोडला. वर्षभर त्याच्याशी एक मराठी शब्द बोलले नाही, अंगाईसुद्धा हिंदीत. सासूबाई नाशिककडच्या, त्यांना हिंदी जमेना, त्या नातवाशी बोलायच्याच थांबल्या. शेवटी इंदूरला दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑटिझम आहे; भाषांचा काही दोष नाही, चिन्हं पहिल्या वर्षातच दिसत होती, लवकर आणलं असतं तर मदत लवकर सुरू झाली असती. फार मायेनं बोलल्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणारी मास्तरीण म्हणून धारमध्ये तुझं नाव होतं. सरदारपूरहून एक बाई तिच्या मुलाला घेऊन आली होती, आठवतं? तो आपल्या डब्याचं झाकण जमिनीवर गरागरा फिरवत बसला होता. तू तिला म्हणालीस, "घरात कोणी बोलतच नसेल याच्याशी. नुसतं दूध पाजून मूल वाढत नाही." ती चहा न पिता उठून गेली. मी ओट्याशी उभी होते आणि मला तुझा अभिमान वाटत होता. तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं, हे कळतं मला. पण त्या बाईचा चेहरा आता रोज दिसतो आणि तुझा राग येतो.

आता मी त्याच्याशी पुन्हा मराठीत बोलते, दिवसभर, भिंतीशी बोलावं तसं. धीर धरा म्हणतात. माझा धीर कधीच संपलाय. "आज आई असती तर केवढा आधार झाला असता," असं मावशी म्हणते आणि मी मान हलवते. खरं सांगू? तू नाहीस तेच बरं वाटतं. तू त्याला हाक मारली असतीस, तो वळला नसता, आणि मग तू माझ्याकडे पाहिलं असतंस.