मीरासाहेबांच्या दुकानामागे

प्रिय दिव्या,

अक्षर बघून दचकू नकोस. डाव्या हातानं लिहितोय. उजवा हात कागद दाबून धरायला ठेवलाय, तेवढं तो करतो. आई म्हणाली होती, "तुम्ही सांगा, मी लिहिते." पण मी काय सांगणार आणि ती त्यातलं काय गाळणार हे मला ठाऊक आहे. म्हणून ती भाजीला गेल्यावर लिहायला बसलोय.

तुझा बाप बुद्धिबळ शिकतोय. हसू नकोस. चाकणच्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, ज्याच्या एका हाकेवर अख्खी लाइन थांबायची, तो माणूस आता घोडा अडीच घरं कसा जातो ते बोटानं मोजतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर तू माझ्याजवळ दवाखान्यात होतीस तेव्हा मला शब्दच फुटत नव्हता. तू हैदराबादला परत गेलीस, आणि पुढं आईनं तुला कळवलं की बाबा आता छान बोलतात, हिंडतात. तसं सांगायला मीच तिला भाग पाडलं होतं. खरं असं आहे की माझं तोंड डावीकडं ओढलं गेलंय. उजवा पाय फरफटतो. जीभ जड आहे. पाणी पिताना ओठाच्या कडेनं सांडतं आणि ते मला कळतसुद्धा नाही. समोरच्याची नजर तिथं गेली की मग कळतं.

दिवाळीनंतर एकदा व्यायामाच्या डॉक्टरांकडून बसनं एकटाच परत येत होतो. चढताना तोल गेला, तिकीट मागताना बोबडं बोललो. मागून कुणीतरी म्हणालं, "दुपारीच टाकून आलाय, राव." शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून बसली. मी सांगायला गेलो की मला पॅरालिसिस झालाय. पण तो शब्दच माझ्या तोंडून असा काही निघाला की आणखी दोघं-तिघं हसले. आयुष्यात कधी थेंबाला शिवलो नाही मी. आपल्या काळेवाडी फाट्याच्या कितीतरी अलीकडं उतरलो आणि भिंतीला धरून धरून घरी आलो. आईला म्हणालो, बस बंद पडली.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. मी बोललो. तू म्हणालीस, "बाबा, आवाज तुटतोय, तिकडं रेंज नाही का?" आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "हो गं, रेंजचाच घोळ आहे." तेव्हापासून तुझा फोन आला की मी आंघोळीला असतो, झोपलेला असतो, नाहीतर फिरायला गेलेला असतो. खरं म्हणजे समोरच बसलेला असतो. तू विचारतेस ते सगळं ऐकू येतं मला. कंपनीतले सोपानराव भेटायला आले तेव्हाही मी भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. ते बराच वेळ बसून राहिले. जाताना पायावरचं पांघरूण नीट करून गेले.

डॉक्टरांनी एका वाटीतले राजमे उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितलं होतं. मी ओट्यापाशी बसून ते करायचो आणि मला माझीच किळस यायची. एकदा मीरासाहेब आले आणि बघत उभे राहिले. त्यांना तू ओळखतेसच, स्कूटरच्या पार्टच्या दुकानाचे. म्हणाले, "उद्धवराव, हे काय दाणे टिपताय? चला, प्यादी उचला. निदान कुणाला तरी मारल्याचं समाधान तरी मिळेल." गल्ला आता त्यांचा मुलगा सरफराज सांभाळतो. ते स्वतः मागच्या खोलीत पट मांडून बसतात, आणि कोणी नसलं तर एकटेच दोन्ही बाजूंनी खेळतात. मागच्या खोलीत कोणी बघणार नाही म्हणून मी गेलो. दुसरं काही कारण नव्हतं.

सुरुवातीला मी रोज हरायचो, आणि तेही बघता बघता. मला वाटायचं वजीर सगळ्यात मोठा, तर पहिल्यांदा त्यालाच बाहेर काढावा. तो घेऊन मी प्यादी खात सुटायचो आणि मीरासाहेब एकेक मोहरा पुढं आणत त्याच्या मागं लागायचे. वजीर पळवण्यातच माझ्या सगळ्या चाली संपायच्या. "एकटा वजीर घेऊन कुठं निघालात? फौज मागं झोपलीय की," असं म्हणून ते खो खो हसायचे. मग सांगायचे, आधी मधली प्यादी पुढं घाला, पटाचा मध्य धरा. घोडे काढा, उंट काढा. मग राजाला कडेला हत्तीच्या आड न्या. आणि प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारा, समोरच्यानं आत्ता केलं ते कशासाठी केलं? हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं. मी फक्त माझंच बघत होतो. त्यांचा घोडा माझ्या राजाला शह देऊन पुढच्याच चालीला हत्तीही उचलायचा, आणि मी म्हणायचो, "हा इथं कधी आला?"

एकदा उजव्या हातानं प्यादं उचलायला गेलो आणि निम्मा पट आडवा झाला. मीरासाहेब सगळं परत मांडायला लागले. माझ्या बाजूला एक उंट त्यांनी जास्तीचा उभा केला, तो मघाशीच मेला होता. मी ओरडलो, "मला भीक नको तुमची." शब्द नीट आले नाहीत, पण त्यांना कळलं. उंट उचलला आणि म्हणाले, "ठीक आहे. मग हात नका लावू. चाल तोंडानं बोला, मोहरा मी हलवतो. कळेपर्यंत पुन्हा पुन्हा बोलायचं." मी उठून घरी आलो. आठवडाभर गेलो नाही. शेवटी आईच म्हणाली, "तिथं जात होता तेव्हा घरात निदान चिडत तरी नव्हता." पुन्हा गेलो. घोडा, उंट जमायचे. वजीर म्हणताना जीभ घसरायची. मीरासाहेब मुद्दाम कानाला हात लावायचे, "काय? कोण?" पाच-सहा वेळा म्हणायला लावायचे. मला राग यायचा आणि रागात शब्द जरा बरा निघायचा.

आता तुला माहीत असलेल्या त्या शनिवारचं लिहितो. तू न सांगता आलीस. आईनं तुला सांगितलं की बाबा चाचांच्या दुकानात आहेत, आणि तू तशीच तिकडं आलीस. पडद्याबाहेर तुझा आवाज आला, "चाचा, बाबा आहेत का?" मी उठलो. मीरासाहेबांपुढं हात जोडले, नाही म्हणून सांगा अशी मान हलवली, आणि मागच्या दारानं बोळात गेलो. जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून उभा राहिलो. भिंतीपलीकडं मीरासाहेब अडखळत म्हणाले, "आत्ताच गेले बेटा, देहूला, कुणाबरोबर तरी." त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, तेही मी करायला लावलं. तू आत येऊन बसलीस. चहा आला. मग तू पटाकडं बघितलं असशील. तुझा आवाज आला, "काळे बाबांचे ना? राजा कडेला नेलाय, घोडे दोन्ही बाहेर. छान शिकलेत की!" किती मोठ्यानं म्हणालीस! बोळात उभ्या उभ्या मला हसू आलं आणि लगेच तोंड लपवावंसं वाटलं. पोटची पोर इतक्या लांबून आली आहे आणि बाप टायरांमागं दडलाय. थोड्या वेळानं तू गेलीस. तरी मी आत गेलो नाही. तुझी रात्रीची गाडी सुटेपर्यंत घरीही गेलो नाही. आईनं त्या रात्री नुसतं ताट वाढलं आणि आत गेली.

मी मनाशी म्हणत राहिलो, तिला कळलं नाही. परवा डाव चालू असताना मीरासाहेबांना तेच म्हणालो, की एक बरं झालं, पोरीला काही समजलं नाही. त्यांनी हातातला मोहरा खाली ठेवला. म्हणाले, "उद्धवराव, तुमची काठी इथं खुर्चीला टेकून होती. आल्या आल्या तिनं बघितली." मग सगळं सांगितलं. तू हळू आवाजात त्यांना विचारलंस, "चाचा, मागं बसायला काही आहे का हो? त्यांना फार वेळ उभं राहवत नसेल." ते नाही म्हणाले. तू अर्धा चहा तसाच ठेवून उठलीस, मला उभं राहायला लागू नये म्हणून. आणि जाताना बजावलंस, "मला कळलंय हे त्यांना सांगू नका. त्यांना लाज वाटेल." पटाबद्दल तू मोठ्यानं बोललीस ते मीरासाहेबांशी नव्हतं, हेही मला तेव्हा समजलं.

लाज वाटली, पोरी. अजून वाटते. बसमधल्या हसण्याची आता तेवढी वाटत नाही, तू अर्धा चहा ठेवून उठलीस त्याची वाटते. मी ज्या तोंडाला झाकत होतो ते तू दवाखान्यात हातानं पुसलेलं आहेस, हे मी विसरलोच होतो. एवढंच सांगायला हे पत्र. सुट्टी मिळेल तेव्हा ये. सांगून ये, नाहीतर तशीच ये. माझं बोलणं पहिल्यांदा कळणार नाही, तेव्हा पुन्हा विचार, मी पुन्हा सांगेन. आईला मी सांगून ठेवलंय की बेल वाजली की तिनं उठायचं नाही, दार मी उघडणार. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो. तेवढी थांब.

वाट बघणारा, तुझाच
बाबा