मालकी : सार्वजनिक

४ फेब्रु., सोमवार
नळ आज सहाव्या दिवशी आला. पाऊण तास. टाकी अर्धीच भरली.

संध्याकाळी पुंडलिकनगरच्या मागच्या वस्तीत गेले. इंटरनेटवरच्या विहिरींच्या नकाशासाठी माझी सतरावी नोंद. साइट चालवणारा निखिल पुण्याहून म्हणाला, यंदा सगळ्यांनी नोंदवलेल्या विहिरींतून जिला जास्त मतं पडतील तिच्या दुरुस्तीसाठी लोकवर्गणी उघडणार.

इथला आड अरुंद, दगडी, वर पत्रा. दोर वस्तीतल्या कमलमावशीकडं असतो. हातभर अंतरावर एकेक गाठ. रोज सकाळी ती दोर तळापर्यंत सोडते. जितक्या गाठी ओल्या, तितक्या घागरी दर घराला. आज तीन. मग दिवसभर पत्रा. "निजू द्यावं लागतं आडाला. लेकुरवाळीला निजू देतेत की नाय? तसं."

बाहेरच्या कुणालाही याचा पत्ता नाही. किती सुंदर व्यवस्था, असं वहीत लिहिलं आणि खूष झाले.

५ फेब्रु.
नोंदीच्या अर्जात दोन रकाने राहिले होते. पहिला : मालकी. दोनच पर्याय : खाजगी (कागदासह) किंवा सार्वजनिक.

परत गेले. क.मा. म्हणाली, "आमचाच की. पलीकडल्या विहिरीला शिवू देत नव्हते, तवा माझ्या सासऱ्यानं आन् चौघांनी खांदलाय."
कागद आहे का?
"कागद कुठला, पोरी. हात होते."

घरी येऊन अर्ज पुन्हा उघडला. दम्यामुळं चौथीपर्यंत माझी शाळा घरातच, बाबांपुढं पाटावर. त्यांचा पहिला धडा : पाहिलेलं पाहिलं म्हणून लिही, ऐकलेलं ऐकलं म्हणून. अर्जात 'ऐकलं' असा रकाना नाही. 'सार्वजनिक' केलं.

दुसरा रकाना : मोठी गाडी जाते का? गल्ली टेप लावून मोजली. अकरा फूट. जाते.

३ मार्च, रविवार
आपल्या आडाला सगळ्यांत जास्त मतं. क.मा.ला सांगितलं तर पदराआड हसायला लागली. "आडाला मतं पडली? मंग आमदारच झाला म्हणा! आता पाच वर्सं तोंड दाखवायचा नाय."

वर्गणी आठ दिवसांत पुरी झाली तर गाळ काढणार. पुण्याची डिझाइनची मुलं कठड्याचं चित्र पाठवणार.

उगाच धडधडतंय. चांगलं झालं की मला नेहमीच असं होतं.

१७ मार्च
गाळ निघतोय. चपला, दोन कळशा, सायकलची साखळी. एका कळशीवर नाव कोरलेलं. क.मा.च्या लग्नातली, नवी असताना हातातून सुटलेली. तिनं ती धुतली, उन्हात पालथी घातली आणि दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही.

कठड्याचं चित्र तिला दाखवलं. "हे छातीपर्यंत कशाला? घागर टेकवायची कुठं, डोक्यावर?" गुडघ्यापर्यंत करून घेतलं. मुलांनी ऐकलं, हे बरं.

६ एप्रिल
आज पाच गाठी ओल्या. एप्रिलात! बायका आळीपाळीनं दोर हातात घेऊन बघत होत्या. फोटो काढला, नोंद सुधारली : 'पाच गाठी. गोडं पाणी.'

बाबांनी फोटो पाहिला. "अक्षर छान आहे," म्हणाले. अक्षर टाइप केलेलं होतं. कौतुकच असावं.

१९ एप्रिल, शुक्रवार
वस्तीतून फोन. टँकर आलाय, मोटर टाकलीय.

मी पोचेपर्यंत दुसरा लागला होता. नव्या इमारतींच्या कामाला जाणारे. ड्रायव्हरनं क.मा.पुढं मोबाइल धरला. "नकाशे में देखो अम्मा, पब्लिक लिखा है. तुम्हारे बाप का है क्या?"
"व्हय, बापाचाच हाय! सासरा बापच असतो!"
"कागद दिखाओ."

ती माझ्याकडं वळली. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. मोटरचा आवाज होता. गाडी गल्लीतून आरामात मागं आली. अकरा फूट.

२० एप्रिल
सकाळी दोन गाठी. दुपारी परत टँकर.

क.मा. आज 'पोरी' म्हणाली नाही. 'मॅडम' म्हणाली. "तुमच्या घरी नळ हाय, टाकी हाय, मॅडम. तुमाला नकाशे काढायला परवडतं."

मी उभीच राहिले. कुणी बस म्हणालं नाही.

२३ एप्रिल
निखिलशी फोन. नोंद काढून टाक, मी म्हणाले. तो म्हणाला, "अगं, शेकडो लोकांनी पैसे दिलेत त्या विहिरीला. गायब कशी करू? आणि बदल पक्का करायचा तर दुसऱ्या कुणीतरी जागेवर जाऊन पाहायला हवं. हा नियम तुझाच ना?"

माझाच. गेल्या वर्षी सिल्लोडच्या नोंदी कुणीतरी घरबसल्या भरल्या होत्या, तेव्हा मीच हट्टानं करून घेतला होता. सगळे म्हणाले होते, किती बारकाईनं विचार करते.

पोलिसांत अर्ज दिला. त्यांनीही मालकीचा कागद मागितला.

९ मे
दोर कोरडा वर आला. खालच्या गाठीला नुसता चिखल.

वस्तीत आता चार दिवसांनी सरकारी टँकर येतो, त्यावर भांडणं. नव्या कठड्यावर आज दोन बायका एकमेकींच्या अंगावर धावल्या. गुडघ्याएवढा कठडा. एक पडताना वाचली.

जागेवरून नोंद केली : 'कोरडा.' पाहिलं ते लिहिलं. नकाशावरची निळी खूण राखाडी झाली. खाली अक्षरं : पडताळणी बाकी.

१४ मे
तीन दिवस बांधकामांचा एकही टँकर नाही. राखाडी खुणेला कोण येतंय.

१८ मे, शनिवार
एक गाठ ओली. मी स्वतः पाहिली. झरा जिवंत आहे. क.मा.नं गाठ पिळली, ओला हात नातीच्या मानेला लावला, पत्रा ओढला. माझ्याकडं पाहिलं. "लिवणार?"

मी नाही म्हणाले. तोंडून पटकन निघालं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहून…



२२ मे
साइटवरून निरोप. लासूर स्टेशनचे एक निवृत्त मास्तर रविवारी सकाळी पडताळणीला येताहेत. 'स्वतःचा दोर घेऊन येतो. गैरसमज नसावा, ही माझी पद्धत आहे.' माझ्यासारखाच माणूस. त्यांना पाणी दिसलं तर ते पाणी लिहितील. खूण निळी. सोमवारी टँकर.

त्यांना फोन करून सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, तुम्ही सांगता ते मी ऐकलं. रविवारी जे पाहीन, ते लिहीन."

बाबांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. मग, "मी कचेरीत तीस वर्षं खरं तेच लिहिलं. त्या खऱ्याचं पुढं कुणाच्या दारात काय झालं, बघायला कधी गेलो नाही." रागावले असते तर बरं झालं असतं.

२४ मे
वस्तीत बैठक, कठड्यावरच. कुणी म्हणालं मास्तरला गल्लीतच अडवू. कुणी म्हणालं पाया पडू.

क.मा. शेवटी बोलली. "खोटं कशाला बोलायचं? तो यायच्या आदी आपणच उपसू. तळ लागंस्तवर. त्याला कोरडा दिसंल, कारण कोरडाच असंल."

मग तिच्या सुनेनं विचारलं, "आन् झरा परत नाय आला तर?"

क.मा.नं दोराची गुंडाळी केली. "आजवर एवढा उपसला नाय आपण कधी. ते काय मलाबी ठावं नाय."

मी म्हणाले, मी त्यांना पुन्हा फोन करते.
"नका करू, मॅडम. तुमी सांगितलं की ते लिवलं जातं."

२५ मे, शनिवार
आजही एकच गाठ.

उपसलेलं ठेवायला वस्तीत भांडी पुरत नाहीत. निम्मं पाणी वाया जाईल. क.मा.चा निरोप आला : सकाळी साडेपाचला. रिकामी भांडी असतील तेवढी आणा.

आमच्याकडची सगळी अंगणात काढली. दोन बादल्या, पिंप, पातेली, लोणच्याची बरणीसुद्धा. बाबांनी न विचारता माळ्यावर चढून आजोबांचा तांब्याचा बंब खाली घेतला. राखेनं घासत बसलेत. मी घासते म्हटलं, तर हात बाजूला केला.

मास्तर आठच्या गाडीनं येतील. दोर सोडतील. त्यांच्या नोंदीत एक अक्षरही खोटं नसेल.

रिक्षा सांगून ठेवलीय. बंब मांडीवर घ्यावा लागेल.