उर्वशीले रडू देऊ नका

नागपूर, ९ जानेवारी २०२४

ती. आईस, मोनालीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो, सांगायचं राहूनच जाते. म्हणून गावाले येणाऱ्या भारतदादाजवळ चिठ्ठी देऊन राह्यली.

उर्वशीच्या हृदयाच्या नळ्या जन्मताच उलट्या होत्या, त्या ऑपरेशननं बदलल्या. आता पाच वर्षांनी, हृदयालेच रक्त पुरवणारी नस तोंडाशी बारीक झाली. शुक्रवारी मांडीतून तार घालून स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवणार. इतक्या लहान लेकराले क्वचितच बसवतात. पण नाही बसवली तर खेळता खेळता हृदय बंद पडू शकते. मले लय भेव वाटते, आई.

डॉक्टर विचारून राह्यले, छातीत दुखते असं कधी म्हणे का? मले तर कधीच नाही म्हणाली. तुले?

घरच्या सगळ्यांले जयभीम. माया राहू दे.

तुझी मोनाली

बोरी अरब, ११ जानेवारी

चि. मोनालीस, जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

मले कायची सांगते! खेळता खेळता मधातच ओट्यावर येऊन बसे. काहून बसली म्हटलं, तर म्हणे, बसली अशीच. मी म्हटलं, नखरे आहे पोरीचे, मायवर गेली. आता स्वतःचाच राग येऊन राह्यला.

ऑपरेशन होईस्तोवर रडू देऊ नका, निळी पडते, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. ऑपरेशन झालं, पण आपण तेच धरून बसलो. तिचा ओठ हालला की सगळी गल्ली धावे. अन् तू! तिले ठेच लागली तर तिच्याआधी तूच रडे.

जाळी बसवून घे. नातीचा एक मुका माह्याकडून.

तुझी आई, तुळसाबाई

नागपूर, १३ जानेवारी

ती. आईस, जयभीम.

काल जाळी बसली. नस मोकळी झाली. पोरगी वाढन, जाळी वाढत नाही. पुढं आत फुगा फुगवून ती रुंद करा लागन, कदाचित बायपासही. रक्त पातळ राहायची गोळी रोज, एकही चुकवायची नाही.

आत नेताना उर्वशीनं नर्सच्या कानात सांगितलं, की पळलं की छातीत दुखते, पण आईले सांगू नका, ती रडते. आई, नर्सनं हे मले सांगितलं तवा काळीज फाटलं माह्यं.

संध्याकाळी मांडीतून रक्त येऊ नये म्हणून पाय सरळ बांधून ठेवला, तर मोठ्यानं रडाले लागली. सवयीनं मी गप्प कराले उठलीच. मंग बसली. डोळे कोरडे ठेवले आणि विचारलं, कुठं दुखते? तिनं मांडीवर बोट ठेवलं. छातीत? नाही म्हणाली, आणि आणखी जोरात रडली. मी रडू देलं.

आम्हा दोघींवर जीव असू दे.

तुझी मोनाली