काचेवर सुलटं

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाच्या! मी, आई, दोन ट्रंका आणि आईचा अखंड उपदेश. स्टुडिओ जुना आहे, पण वरच्या मजल्याचं उत्तरेकडचं छप्पर सगळं काचेचं. तो मऊ उजेड पाहून मी आईला चक्क मिठी मारली. ती म्हणाली, मिठ्या नंतर मार, आधी तोंड धू, कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसतेयस.

मालकांची नजर गेली आहे, म्हणून यापुढे इथले फोटो मी काढायचे. मोठ्या फिल्मवरची पोर्ट्रेट पुन्हा सुरू करायची आहेत. त्यासाठी माडीवरच्या सामानातून कॅमेरा, लेन्स आणि फिल्म धरणारे होल्डर मीच निवडायचे, माझ्या मर्जीने. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! (ही म्हण मालकांसमोर काढायची नाही, हे लक्षात ठेवायला हवं.)

मालकीणबाई हसऱ्या, डावखुऱ्या आणि भलत्याच प्रेमळ. दिवाणखान्यात त्यांचा तरुणपणीचा मोठा फोटो लावलाय. त्यात कपाळावरचा व्रण डावीकडे, प्रत्यक्षात मात्र उजवीकडे. म्हणजे छापताना निगेटिव्ह उलट्या बाजूने ठेवली गेली असणार. शहाणपणा दाखवायची खुमखुमी मला जन्मजात, लगेच बोलून दाखवलं. बाई पोटभर हसल्या. मालक हसले नाहीत. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी चूक काढलेली कोणाला आवडेल?

६ ऑक्टोबर

कॅमेरे तीन आहेत. पहिला घडीचा, दप्तरासारखा मिटणारा. जीव जडावा असा, पण त्याचा भाता कामातून गेलाय. लेन्स आणि मागची काच यांच्यामध्ये बाजाच्या पेटीसारखा जो कापडी भाता असतो, त्याच्यात अंधारात टॉर्च लावून पाहिला, तर बाहेर चांदणं पडलं. दुसरा लोखंडी, मजबूत, पण त्यात होल्डर घट्ट बसत नाही आणि फटीतून उजेड शिरतो. तिसरा म्हणजे चाकांवरचं एक लाकडी धूड. ढकलताना घाम फुटतो. पण भात्याला एक भोक नाही, आणि होल्डर सरकवला की टक् करून बसतो. त्या आवाजावर मी जागच्या जागी विकले गेले. आई म्हणाली, लेकीला स्थळ पसंत पडलं म्हणायचं, लाकडी का असेना.

समोरच्या खुर्चीत एक उशी कोट घालून बसवलेली आहे. मालक तिला पाहुणा म्हणतात. त्यांची पद्धत अशी, की या कॅमेऱ्यात डोकावायचं तर खुर्चीत कोणीतरी हवं. माणूस नसेल तर पाहुणा, पण खुर्ची रिकामी ठेवायची नाही. फोकस करायला काहीतरी समोर लागतंच, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही. बुजुर्गांचे नियम असतातच असे.

८ ऑक्टोबर

आज लेन्स निवडायच्या होत्या. पाहुण्याच्या कोटाला कुबट वास येतो म्हणून आईने तो धुवायला नेला आणि उशी उन्हात टाकली. एक दिवस खुर्ची रिकामी राहिली म्हणून काय आभाळ कोसळणार, असं म्हणून मी काळं कापड डोक्यावर घेतलं.

या कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर चित्र उलटं पडतं. खुर्चीचे पाय वर, पाठ खाली. सवयीने त्याचं काही वाटत नाही. खुर्चीशेजारी एक करडी आकृती दिसली. डाग असेल म्हणून काच पुसली. गेला नाही. जवळचं मोठं दाखवणारी लांब लेन्स लावली, खुर्ची मोठी झाली. आकृती तेवढीच. रुंद लेन्स लावली, खुर्ची लहान झाली. आकृती तेवढीच.

मग लक्षात आलं. सगळं उलटं आणि ती तेवढी सुलटी. बाई आहे. उभी आहे.

कापडाबाहेर डोकं काढलं, तर खुर्चीशेजारी कोणी नव्हतं. जे समोर असतं ते काचेवर उलटं पडतं. मग सुलटं दिसतं ते लेन्ससमोर नाहीच. ते अलीकडे आहे, भात्याच्या आत.

डोळ्यांवर विश्वास नव्हता, म्हणून होल्डर लावला, लेन्सची टोपी काढून फिल्मवर घेतलं आणि फिल्म झाकणारी पट्टी खुपसून खाली पळाले. आईने विचारलं, भूत पाहिलंस की काय? मी म्हटलं, ऊन लागलं.

१० ऑक्टोबर

पाहुणा धुऊन-वाळून जागेवर बसला आणि काच स्वच्छ झाली. माझं मलाच हसू आलं. उमेद आली म्हणून त्याला उठवून आईला बसवलं. ती सूचना देत राहिली. डाव्या गालावरचा तीळ नीट येऊ दे, मान दुखतेय, किती वेळ लावतेस, तुझे वडील यापेक्षा लवकर दाढी करायचे. मी तिला गप्प बस म्हटलं आणि टोपी काढली. तेव्हा कुठे ती गप्प बसली.

११ ऑक्टोबर

घोळ केला. होल्डरच्या पट्टीची एक कड पांढरी, एक काळी असते. फिल्म वापरली की काळी कड बाहेर करून ठेवायची, हे शाळकरी पोरही शिकतं. आठ तारखेला घाबरून पळताना मी पांढरीच बाहेर ठेवली आणि काल कोरी समजून तीच फिल्म वापरली. एकाच फिल्मवर दोनदा. रिकाम्या खुर्चीवर आई.

आज प्रिंट काढली. आई नीट बसलेली आहे. तिच्या अंगातून आरपार ती दुसरी, खाली डोकं वर पाय. तिचं तोंड आईकडे.

प्रिंट फाडली. आईला दाखवली नाही.

१२ ऑक्टोबर

आई आज मला एकदाही बोलली नाही. अंथरूण तसंच टाकलं, चहाचा कप पुस्तकावर ठेवला, तरी नाही. नुसती गोड हसली. मी मुद्दाम ओल्या पायांनी घरभर फिरले. हसली.

पोळी डाव्या हाताने उलटत होती.

तीळ उजव्या गालावर आहे. मी जवळ जाऊन पाहिला, बोट लावून पाहिला. भांग दुसरीकडे, तीळ दुसरीकडे. उलट्या बाजूने छापलेली आई. माझी आई नव्हे ती.

१३ ऑक्टोबर

मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, खुर्ची आधी रिकामी घेतली होतीस का, आणि मग त्याच फिल्मवर आई? मी हो म्हटलं. त्यांनी चाचपडत माझा हात धरला. मग म्हणाले, दिवाणखान्यातला फोटो उलटा नाही पोरी, फोटो बरोबर आहे.

त्यांच्या हातूनही असंच झालं होतं. बायकोला परत आणायचा धीर झाला नाही. कोणाला बसवायचं तिथे, म्हणाले. खुर्चीत बसेल तो आत जातो, आतला त्याचा चेहरा उलटा घेऊन बाहेर येतो. ही बाहेर आलेली पुन्हा त्या खुर्चीत कधी बसली नाही, मी पुष्कळ विनवलं, म्हणाले. स्वयंपाक चांगला करते. सवय होते, म्हणाले.

सवय होते! मला होऊ द्यायची नाही.

बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. हसत होत्या.

१४ ऑक्टोबर

पाहुण्याला फेकलं. कापडाखाली गेले.

काचेवर आई. सुलटी. माझी, तीळ डावीकडे. काचेवर आतून तळवा टेकलेला. मी बाहेरून टेकला. थंडगार. तिचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. खूप रडले. तिच्यासमोरच रडले.

१५ ऑक्टोबर

रिकामी खुर्ची फिल्मवर घेतली. आई त्यात आली असणार. होल्डरची पट्टी पांढरीच ठेवली, या वेळी मुद्दाम. आता त्या उलट्या आईला फक्त खुर्चीत बसवायचं—

येत नाही. हात धरून ओढलं, पाया पडले, खोटं बोलले. जिन्यापर्यंत येते, हसते, परत जाते. आता बाईंच्या शेजारी बसलीय. दोघी डाव्या हाताने एकाच ताटातलं खाताहेत. माझ्याकडे पाहताहेत—

१६ ऑक्टोबर

काच अंधुक होतेय. आई पुसट. उद्यापर्यंत राहील की—

मीच बसणार. माझा चेहरा घेऊन का होईना, बाहेर तर येईल. ऊन बघेल. कोणाला तरी रागावेल.

कालचाच होल्डर लावला. पट्टी काढली. टोपी काढली. खुर्चीत आलेय. हलायचं नसतं, पण लिहिलं नाही तर वेड—

आवाज. भात्यातून. आईचा! आईच, तोच चढा सूर. रागावतेय. आई रागावतेय मला—

म्हणते ऊठ आधी. म्हणते मला नाही यायचं बाहेर, असं नाही यायचं, तुला विकून नाही. म्हणते आयुष्यात एकदा तरी माझं ऐक, ऊठ, टोपी लाव—

उठते आई. उठते. ऐकते—

पाय हलत नाहीत. आई, मला उठता—